आईच्या बीपीचं लेकराला काय होतं?

(धाराशिव इथल्या युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'माता-बाल आरोग्य'. एवढा मोठा विषय घेतला तर दहाव्या मिनिटाला तुमचे मोबाइल बाहेर येतात, हे मला कॉलेजातल्या कार्यक्रमांवरून माहीत आहे. म्हणून त्यातला एकच तुकडा घेते. गरोदरपणात बीपी वाढलं तर पोटातल्या लेकराचं पुढे काय होतं? सुरुवात माझ्याच घरापासून करते. अम्मीला विचारून आलेय.

१९९५ चा जानेवारी. भूकंपाला सव्वा वर्ष झालं होतं. लोहारा तालुक्यातले आम्ही लोक अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. मी सहा वर्षांची. अम्मीला आठवा महिना. तिचे पाय इतके सुजले होते की चप्पल चढत नव्हती. शेजारच्या खाला म्हणायच्या, "बेटा है पेट में, इसके वास्ते पाँव सुजे." आठ दिवस तिचं डोकं दुखत होतं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तिला वाटलं चष्मा लागला असेल. एका पहाटे तिला झटके आले. दातखिळी बसली, डोळे वर गेले. नानीने नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली. नानी म्हणाली, "असर हुआ है बच्ची पे." अब्बा दम करणाऱ्याला बोलवायला निघाले. त्याच वेळी मामू आले. ते जीप चालवायचे. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, अम्मीला उचलून जीपमध्ये घातलं. वाटेत तिला आणखी दोनदा झटके आले.

अम्मी वाचली. भाऊ जन्मला तेव्हा त्याचं वजन १ किलो ६०० ग्रॅम होतं. नानीनेच त्याला कापसात गुंडाळून, वाटी-चमच्याने दूध पाजून जगवलं. त्यामुळे नानीवर हसू नका. जे माहीत नव्हतं ते माहीत नव्हतं, जे येत होतं ते तिनं जीव लावून केलं. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या आठ महिन्यांत अम्मी तीन वेळा दवाखान्यात जाऊन आली होती. टीटीचं इंजेक्शन मिळालं, लाल गोळ्या मिळाल्या. दंडाला पट्टा एकदाही बांधला गेला नाही.

आज मी नर्स आहे, एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. दिवसाला वीस-पंचवीस दंडांना पट्टा बांधते. प्रत्येक वेळी ती पहाट आठवते असं म्हटलं तर खोटं ठरेल, पण कधीकधी आठवते.

आता शरीरात काय होतं ते बघू. बाळ आणि आई यांच्यामध्ये वार असते. बाळाला हवा, पाणी, अन्न सगळं वारेतून जातं. गरोदरपणाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद आणि सैल व्हायला लागतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. काही बायकांमध्ये हे काम अर्धवट होतं. पाट अरुंद राहिला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही, तसंच हे. मग उपाशी वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, लिव्हर, किडनी, मेंदू सगळ्यांवर ताण येतो. याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. झटके आले की एक्लॅम्प्सिया. जगभरात शंभरातल्या २ ते ८ गरोदर बायकांना प्रीएक्लॅम्प्सिया होतो.

आकडा लक्षात ठेवा: वरचा १४० किंवा खालचा ९०. चार तासांच्या अंतराने दोनदा यापैकी एक जरी आला, तर ते गरोदरपणातलं वाढलेलं बीपी. १६० किंवा ११० आला तर घरी परत जायचंच नाही, थेट मोठा दवाखाना. पाचव्या महिन्यानंतर नव्याने वाढलेलं बीपी वेगळं आणि आधीपासूनच असलेलं वेगळं, असे प्रकार आहेत. ते डॉक्टर बघतील. तुम्ही आकडा विचारा. "नॉर्मल आहे" हे उत्तर घेऊन दवाखान्यातून बाहेर पडू नका.

यात लेकराचं काय होतं?

पहिलं, त्याची उपासमार. रक्तच कमी मिळालं तर ते वाढणार कसं? अडीच किलोच्या आतलं लेकरू जन्मतं, काही वेळा फारच लहान. दुसरं, ते लवकर जन्मतं. या आजारावरचा खरा इलाज म्हणजे वार बाहेर काढणं, म्हणजेच बाळंतपण. आईचा जीव वाचवायचा तर काही वेळा आठव्या महिन्यातच, कधी सातव्यातच बाळ बाहेर काढावं लागतं. त्याची फुप्फुसं पिकलेली नसतात. त्यासाठी आईला आधी इंजेक्शनं देतात, त्यांचा बाळाला फार उपयोग होतो, पण त्याला वेळ हातात लागतो, आणि वेळ मिळतो तो आकडा आधी कळला तरच. तिसरं म्हणजे वार अचानक सुटते, आणि बाळ पोटातच जातं. आमच्याकडे बायका सांगतात, "दो दिन से हिलताच नै था." दोन दिवस! हालचाल कमी झाली तर त्याच दिवशी निघायचं असतं.

इथपर्यंतचं बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. यापुढचं कमी लोकांना माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी ईद-ए-मिलादला आमच्या गावातल्या पोरांनी रक्तदान शिबीर घेतलं. माझा भाऊ सगळ्यात पुढे, टी-शर्ट वगैरे घालून. त्याचं बीपी निघालं १५२/९६. रक्त घेतलं नाही. तो चिडला, म्हणाला मशीन खराब आहे. मी घरी आठवडाभर मोजलं. मशीन चांगलं होतं. सिगारेट नाही, तंबाखू नाही, वय अठ्ठावीसही पूर्ण नाही.

मग मी वाचायला लागले. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या आयांच्या मुलांवर बरेच अभ्यास झालेत. ते सगळे एकत्र करून २०१२ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. अशा मुलांचं वरचं बीपी लहान वयात आणि तरुणपणी इतरांपेक्षा सरासरी २.४ ने जास्त, खालचं १.४ च्या आसपास जास्त, वजनही थोडं जास्त. तुम्ही म्हणाल, दोन आकड्यांनी काय होतं? एका माणसाला काही होत नाही. पण ही सुरुवात आहे, वयाबरोबर ती वाढत जाते. फिनलंडमध्ये हेलसिंकी शहरात १९३४ ते १९४४ मध्ये जन्मलेल्या लोकांच्या नोंदी म्हातारपणापर्यंत तपासल्या गेल्या. ज्यांच्या आईला प्रीएक्लॅम्प्सिया होता, त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट निघालं.

असं का व्हावं? ब्रिटनमध्ये डेव्हिड बार्कर या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात मांडलं की पोटात उपासमार झालेलं लेकरू आपलं शरीर त्या उपासमारीप्रमाणे घडवतं. मेंदूला रक्त आधी, किडनीला नंतर. किडनीतल्या गाळण्या जन्माआधीच तयार होतात, नंतर वाढत नाहीत. कमी गाळण्या घेऊन जन्मलेला माणूस आयुष्यभर तेवढ्यावरच चालतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या लेकरांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या लेकरांचं ३.५. आपली लेकरं बारीक, पण अंगातली चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती, कमी झाले होते ते स्नायू. दिसायला काडी, आतून तुपकट. हा अभ्यास आईच्या आहाराचा होता, बीपीचा नव्हे, पण गोष्ट एकाच दिशेला जाते: जन्माआधी काय झालं याचा हिशेब शरीर ठेवतं.

आता मला प्रामाणिक राहायला हवं. माझ्या भावाचं बीपी अम्मीच्या त्या आजारामुळेच वाढलं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अब्बांनाही बीपी होतं. घरात लोणचं-पापडाशिवाय घास उतरत नाही. आईच्या जनुकांमधून तिला आलेली गोष्ट मुलालाही येऊ शकते, मग दोष गरोदरपणाचा की रक्ताचा? शास्त्रज्ञांमध्येही हा वाद संपलेला नाही. अशा मुलांमध्ये स्वमग्नता आणि चंचलपणाचा विकार थोडा जास्त दिसतो असंही काही अभ्यास सांगतात, पण तिथे कारण सिद्ध झालेलं नाही. म्हणून ज्यांचा जन्म अशा बाळंतपणातून झालाय, त्यांनी घाबरायचं काही कारण नाही. पट्टा मात्र बांधून घ्यायचा, दर वर्षी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सांगितलं की तिसऱ्या वर्षापासूनच मुलांचं बीपी वर्षातून एकदा मोजावं, आणि फार लवकर किंवा फार लहान जन्मलेल्यांचं त्याच्याही आधीपासून. आपल्याकडे विशीतल्या पोराचं बीपी कोण मोजतं? पोलीस भरतीत मेडिकलला उभा राहीपर्यंत कुणी नाही.

आणि पोरांनो, आता तुमच्यासाठी. २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातून एक अभ्यास आला. जे पुरुष स्वतः प्रीएक्लॅम्प्सियाच्या बाळंतपणातून जन्मले, त्यांच्या बायकांना हा आजार होण्याची शक्यता साधारण दुप्पट निघाली. कारण वार ही निम्मी बापाच्या जनुकांची असते. म्हणून घरी जाऊन अम्मीला विचारा, "मेरे टाइम पे बीपी था क्या? झटके आए थे क्या?" मुलींनी विचारायचं हे तर आहेच, मुलांनीही विचारायचं. लग्न ठरवताना आपण मुलीच्या खानदानाची सात पिढ्यांची चौकशी करतो, आपल्याच जन्माची चौकशी करत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे कुठे अडकतं ते सांगते. मशीन नाही म्हणून अडकतं असं आता राहिलेलं नाही. भूकंपानंतर सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने, डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी, गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' तयार केल्या. त्या संस्थेच्या मदतीने झालेल्या अभ्यासात जिल्ह्यातल्या हजारभर किशोरवयीन मुलींचं रक्त तपासलं, तर ८७ टक्क्यांना रक्त कमी निघालं. त्याच मुली दोन-चार वर्षांत गरोदर होऊन माझ्यासमोर बसतात. आता धाराशिवला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, २०१६ पासून.

अडकतं ते प्रवासात. सतवाशाला पोरगी माहेरी येते आणि कार्ड सासरी राहतं. सासरी शेवटचं बीपी किती होतं, कुणाला सांगता येत नाही. बीपी १३०/८४ दिसलं, तर ते आधी ९० होतं की १२० होतं, मला काय कळणार? दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची तर आणखी वाईट कथा. पाच महिने कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. कोयता सुटला तर उचल फिटत नाही, म्हणून तपासणीला जायचं नाही. यात आपलेही लोक आहेत, हे शहरातल्या मुस्लिम पोरांना माहीत नसतं.

अडकतं ते लाजेतही. बाही वर करायची नाही म्हणून बुरख्यावरूनच पट्टा बांधून घेतात. आकडा चुकतो. मी पडदा ओढते, दार लावते, मग मोजते. दोन मिनिटं जास्त लागतात, एवढंच.

आणि गोळीत अडकतं. सुनेचं डोकं दुखलं की सासू आपली बीपीची गोळी देते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या सासूला चांगल्या, पण पोटातल्या लेकराच्या किडनीला घातक आहेत. गरोदर बाईसाठी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा अशा वेगळ्या गोळ्या असतात, त्याही डॉक्टरांनीच ठरवायच्या. त्या दिवसातून दोन-तीनदा घ्याव्या लागतात. म्हणून रमजानमध्ये माझ्याकडे हमखास प्रश्न येतो. गरोदर बाईला रोजा नंतर ठेवण्याची मुभा शरियतमध्येच आहे. आजारी असताना गोळी चुकवून रोजा ठेवणाऱ्या बायकांना मी आमच्या गावच्या मौलानांकडे पाठवते. ते माझ्यापेक्षा चांगलं समजावतात. गेल्या वर्षी त्यांनी जुम्म्याच्या बयानात दोन मिनिटं यावर बोलून टाकलं, त्याचा परिणाम माझ्या सहा महिन्यांच्या घरभेटींपेक्षा जास्त झाला. थोडा हेवा वाटला मला.

टाळता येतं का? पूर्ण नाही. पण काही गोष्टी सिद्ध आहेत. ज्यांना धोका जास्त, म्हणजे आधीच्या खेपेला झालेलं, जुळी, आधीपासून बीपी, शुगर किंवा किडनीचा आजार, त्यांना बाराव्या आठवड्यापासून, सोळाव्याच्या आत, रोज कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू केली तर फायदा होतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लवकर येणारा प्रीएक्लॅम्प्सिया निम्म्याहून कमी झाला. अर्थात त्यासाठी बाई तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात यायला हवी. "नजर लगती" म्हणून पाचव्या महिन्यापर्यंत बातमी लपवली तर वेळ गेलेली असते. दुसरं, कॅल्शियम. चौथ्या महिन्यापासून दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या लोहाच्या गोळीबरोबर एकदम घ्यायच्या नाहीत. घराघरांत खिडकीत पडलेल्या बघते मी. आणि झटके थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजार बायकांवरच्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. पहिला डोस एएनएमसुद्धा देऊ शकते, दोन्ही कुल्ल्यांत एकेक इंजेक्शन, आणि मग गाडीत घालून पुढे. अम्मीच्या वेळी त्या तीन तासांत हे एक इंजेक्शन मिळालं असतं, तर पुढचे दोन झटके कदाचित आले नसते.

शेजारी बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ मध्ये आशाताईंच्या हातात मोबाइल अ‍ॅप आणि बीपीचं मशीन देऊन मोठा प्रयोग झाला. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये आणि मोझांबिकमध्येही तोच. निकाल २०२० साली आला, आणि एकूण मृत्यू-आजार कमी झाले नाहीत. मला आधी वाईट वाटलं. नीट वाचलं तर कळलं, ज्या बायकांना आठ किंवा जास्त वेळा भेट मिळाली त्यांच्यात फरक दिसत होता, पण बहुतेकींना तेवढ्या भेटी मिळाल्याच नव्हत्या. आणि धोका ओळखला तरी पुढच्या दवाखान्यात गाडी, डॉक्टर, रक्त हवं.

बाळंतपण झालं की संपलं, असंही नाही. झटके नंतरही येतात, जास्त करून पहिल्या आठवड्यात. चिल्ल्याचे चाळीस दिवस बाईला खोलीतून बाहेर काढत नाहीत, ठीक आहे, मग पट्टा खोलीत न्या. डोकं ठणकतंय, धूसर दिसतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, श्वास लागतोय, यातलं काहीही झालं तर बाळंतीण असली तरी १०८ ला फोन. अशा बाईला पुढे आयुष्यभर हृदयविकाराचा धोका इतरांच्या दुप्पट असतो. अम्मीला पन्नाशीत बीपीची गोळी लागली, तेव्हा एकाही डॉक्टरने तिला १९९५ बद्दल विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही, तिला वाटलं ती जुनी गोष्ट.

माझी वहिनी सध्या सहाव्या महिन्यात आहे. पहिलंच बाळंतपण, तिच्या मोठ्या बहिणीलाही हाच त्रास झालेला, आणि नवरा म्हणजे माझा १ किलो ६०० ग्रॅमवाला भाऊ. डॉक्टरांनी तेराव्या आठवड्यात अ‍ॅस्पिरिन सुरू केली. परवाचा आकडा ११८/७६. भाऊ तो फळ्यावर लिहितो, तारखेसकट, स्वयंपाकघरात. खाली स्वतःचाही लिहितो, कारण वहिनीने अट घातलीय. त्याचा परवा १३४/८६ होता, गोळी चालू असताना. ९ तारखेला दोघांना घेऊन जायचंय.

मागच्या टेबलावर दोन मशीन ठेवलीत. चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबा, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय एकावर एक टाकू नका. मुलींसाठी बाजूच्या खोलीत पडदा लावलाय. पोरांची रांग इकडे.